तोच साचा, दुसरा रंग

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणाऱ्याचं वय २९, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. घडी घातली की माणसाचं विमान होतं, उलगडली की विमानाचा माणूस, अशी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ रोबो खेळणी ते जमवतात. आजवर १७ झाली. सोबतीला दोन मित्र, एक पुलगावचा, एक हिंगणघाटचा. कोणी नवीन काही घेतलं की यांचं मत विचारायचं, असा तिघांतला रिवाज. मागच्या वर्षी हिंगणघाटच्या मित्रानं जवळ असलेल्याच एका रोबोची काळी आवृत्ती घेतली, तेव्हा हे म्हणाले होते, “घरी रंगाचा डबा नव्हता काय बे?” मित्र हसला, पण त्यानंतर त्यानं काही दाखवायला आणलं नाही. आता पुलगावच्या मित्रानं निळा थंडरक्रॅकर घेतला. यांच्याकडे जो राखाडी स्टारस्क्रीम आहे त्याच्याच साच्यातला, रंग तेवढा वेगळा. मित्राला घेऊन पस्तावा झाला. “तू पाहून सांग, ठेवू का विकू. तुले पायजे असंल तं ४,२०० ले घेऊन टाक,” म्हणून तो यांच्याकडे ठेवून गेला. त्याला आठ दिवस झाले. उजव्या मांडीचा सांधा ढिला आहे, तरी निळा राखाडीपेक्षा जास्त आवडतो आहे आणि तेच खटकतं आहे. “मी रंगाला भुललो का? तेच खेळणं दोनदा विकून कंपनी आपल्याला येड्यात काढत नाही काय? बाबा म्हणतात, एकाच साच्यातले दोन गणपती कोनी घरी आनते काय. मित्राला मत काय देऊ?” आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता : राखाडी विमान मोठ्या भावानं पुण्याहून पहिल्या पगारात आणलं होतं, तो आता फारसा गावाकडे येत नाही.

प्रिय भाऊ,

सुरुवात तुमच्या बाबांपासून करतो. त्यांनी दिलेला दाखला मला फार आवडला, आणि तो त्यांच्यावरच उलटतो. गणपतीच्या आधी आपण मूर्तिकाराच्या मांडवात जातो तेव्हा एका साच्यातल्या तीस-चाळीस मूर्ती ओळीनं बसलेल्या असतात. सोंड तीच, हात तेच, पायाशी उंदीरही तोच. तरी घरचे सगळे अर्धा तास उभे राहतात, हा नको तो पाहू म्हणतात, आणि शेवटी एकावर बोट ठेवतात. कशावरून? पितांबराचा रंग, अंगाची छटा, आणि सगळ्यात जास्त डोळ्यांची आखणी. साचा एक असला तरी मूर्ती एक नसते, हे बाबांना चांगलं ठाऊक आहे. मात्र त्यातल्या दोन उचलून कोणी घरी नेत नाही, हेही त्यांचं खरंच. म्हणजे ‘हे चांगलं झालंय का’ हा एक सवाल आणि ‘ते माझ्या घरी असावं का’ हा दुसरा. तुमच्या पत्रात हे दोन सवाल बाभळीत अडकलेल्या पतंगाच्या मांज्यासारखे गुंतले आहेत. वर हिंगणघाटच्या मित्राची गाठ. आपण एकेक सोडवू.

तुम्ही लिहिता, ‘असली’ माझ्याकडे आहेच, हा निळा म्हणजे त्याच्यावरचं रंगकाम. असली कोणता, हे तुम्ही कसं ठरवलं? जो आधी तुमच्या घरी आला तो असली, एवढाच हिशेब दिसतो. १९८४ साली हॅस्ब्रो कंपनीनं अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले, तेव्हा ते साचे तिचे स्वतःचे नव्हतेच. जपानच्या ताकारा कंपनीच्या ‘डायक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या मालिकांमधली खेळणी तिनं उचलली. डायक्लोनमध्ये हे रोबो जिवंत पात्रं नव्हते, ती यंत्रं होती. आत बसवायला बोटाच्या पेराएवढा चालक मिळायचा. हॅस्ब्रोनं चालक काढला, दोन गट पाडले, आणि मार्व्हल कॉमिक्समधल्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेकांची नावं आणि स्वभाव लिहून दिले. ते खोक्याच्या मागे छापलेले असत. पहिल्याच वर्षी एफ-१५ विमानाच्या एका साच्यातून तिघे निघाले. राखाडी स्टारस्क्रीम, खलनायकांचा सरदार मेगाट्रॉन याची गादी बळकवायला टपलेला. निळा थंडरक्रॅकर, आपण लढतो ती बाजू बरोबर आहे का याची मनात शंका असलेला. काळा-जांभळा स्कायवार्प, इथून गायब होऊन तिथे उगवणारा, खोडकर. ही तिळी भावंडं आहेत. यातला थोरला कोण, हे तुमच्या घरातल्या कपाटानं ठरवलं.

असंच आयर्नहाइड आणि रॅचेटचं. एकाच निस्सान व्हॅनचा साचा, एक लाल, दुसरा पांढरी ॲम्ब्युलन्स. १९८५ मध्ये त्याच एफ-१५ साच्याचे पंख बदलून आणखी तिघे आणले, रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज. तिथे नुसता रंग नव्हता बदलला, काही भागही नवे होते. या छंदात नव्यानं पडणाऱ्यांनी हा फरक आधी विचारून घ्यावा : रंगच बदललाय, की डोकं-पंख-हत्यारं अशी काही नवी जोड आहे? विकणारे दोन्हीला ‘नवीन मॉडेल’च म्हणतात.

आणि आपण वैदर्भी माणसांनी तरी ‘रंग तेवढा वेगळा’ असं म्हणू नये. नागपूरला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, काळी मारबत निघते आणि पिवळी मारबत निघते, मिरवणुकीनं न्यायचे मोठे पुतळे. ‘दोन्ही मारबतीच तं हायेत, एक पुरे’ असं इतवारीत उभं राहून म्हणून पाहा. त्या दिवशी कोणी चहा पाजणार नाही.

पण याचा अर्थ प्रत्येक रंगबदल डोक्यावर घ्यावा असा नाही. बरेचसे आळसानं केलेले असतात. चांगला कोणता आणि आळशी कोणता हे पाहायची नजर मला कोण्या पुस्तकातून आली नाही, आमच्या नंदीनं दिली.

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा सागवानी नंदी आहे, वडिलांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेला. दरवर्षी पोळ्याच्या आधी तो मी रंगवतो. कित्येक वर्षं तो पांढराच होता, गवळाऊ बैलासारखा. आपल्याकडे बैल म्हटला की तोच डोळ्यांपुढे येतो. एका वर्षी नातवानं हट्ट धरला, काळा पाहिजे. घरात चकचकीत ऑइल पेंटचा अर्धा डबा होता. दिला फासून. सकाळी वाळल्यावर पाहतो तर नंदी आंधळा झालेला! सुतारानं पापणी, नाकपुडी, गळ्याची पोळी अशी काही कोरली होती की पांढऱ्यावर प्रत्येक घळीत बारीक सावली पडून ती आपोआप दिसायची. काळ्यात सावलीला जागाच उरली नाही. वरून रंगाची चमक, त्यात खिडकीचं प्रतिबिंब. लांबून नुसता ठोकळा.

मी पुन्हा पांढरा करायला निघालो होतो. पण नातवानं तो ओसरीवर नेला आणि मी लांबून पाहिला. पांढरा असताना थोडा बसका वाटणारा तो बैल काळ्यात उंच आणि तगडा दिसत होता. पिवळी शिंगं पांढऱ्या अंगावर कधी नजरेत भरायची नाहीत, ती आता दोन ज्योतींसारखी उठली होती. मग मी बारीक ब्रश घेतला, पापणीवर राखाडी रेघ ओढली, नाकपुडीत हिंगुळाचं टिंब दिलं, पोळीच्या घड्या बारीक काचकागदानं घासून थोड्या मॅट केल्या. नंदी जागा झाला. सुताराची पटाशी कुठे लागली नव्हती. पण तो कालचा बैल राहिला नव्हता, हे घरातलं शेंबडं पोरही सांगत होतं. शेजारच्या म्हातारीनं बोजारा, म्हणजे पोळ्याला पोरांना द्यायचे पैसे, देताना विचारलं, “नवा घेतला काय गा?”

तुमच्या निळ्याकडे आता या नजरेनं पाहा. रंगानं आकाराचं काय केलं? पंखांवरच्या पत्र्याच्या जोडरेषा राखाडीवर जास्त दिसतात की निळ्यावर? छातीवरचं कॉकपिट कोणत्या रंगात आधी डोळ्यांत भरतं? राखाडीवर लाल आणि निळे पट्टे बरेच असल्यानं नजर तुकड्यातुकड्यानं फिरते. निळ्यावर ती मोठ्या पृष्ठभागांवर फिरते आणि चेहऱ्याशी येऊन थांबते. नुसता अंदाज करतो आहे, कारण खेळणं माझ्या हातात नाही. पण तुम्हाला निळा का आवडला याचं उत्तर बहुतेक इथे असेल. विमान झाल्यावर या रोबोचे हात अंगालगत घडी होऊन दडतात. अंग आणि हात वेगळ्या रंगांचे असले तर ‘विमानाच्या पोटाला हात चिकटलेत’ हे लगेच दिसतं. अंग-हात एकाच निळ्यात असले की ते विमानात विरघळतात. या खेळण्याला दोन देह असतात, आणि रंग दोघांनाही शोभावा लागतो. कित्येक रंगबदल रोबो म्हणून झकास दिसतात आणि गाडी म्हणून रंगीत गोधडी.

तुम्ही रोज सुट्या भागांत बसता म्हणून एक गोष्ट खोलात सांगतो. प्लॅस्टिकचा साचा पोलादी असतो आणि करायला फार महाग. एका साच्यात एकाच वेळी अनेक भाग ओततात : समजा मांडी, मनगट, बंदूक आणि शेपटाचा पंख एका फ्रेमवर. त्या फ्रेमवरच्या सगळ्या भागांच्या प्लॅस्टिकचा रंग एकच असणार. म्हणजे रंग बदलणाऱ्याला ‘मला मनगट काळं आणि मांडी निळी’ असं मोकळेपणानं म्हणता येत नाही. दोन्ही एका फ्रेमवर असले तर एकावर वरून रंग मारावा लागतो, आणि रंगाच्या प्रत्येक हाताला पैसे पडतात. बारीक खुणा, चिन्हं रबरी गादीनं छापतात, तिथेही तेच. म्हणून आळशी रंगबदलात एखादा भाग विनाकारण परक्या रंगाचा राहून जातो, सदऱ्याला दुसऱ्याच सदऱ्याचा खिसा लावल्यासारखा. चांगल्या रंगबदलात ही सगळी अडचण तुम्हाला कळतच नाही. तुमच्या निळ्याचे भाग फ्रेमनुसार मनात लावून पाहा. दुकानात बसल्या बसल्या तासभर मजेत जाईल.

यातूनच टिकाऊपणाचंही कळतं. सांधा उघडून आतली बाजू पाहा. आतही तोच निळा असेल तर तो प्लॅस्टिकचा रंग, कधी उडणार नाही. आत दुसराच रंग दिसला तर वर पेंट आहे; खांद्याशी, पंखांच्या मुळाशी, जिथे घडी घालताना भाग एकमेकांवर घासतात तिथे तो आज ना उद्या जाणार. सांध्यांत बऱ्याचदा पॉलिॲसिटल नावाचं गुळगुळीत, झिजेला पक्कं प्लॅस्टिक असतं, त्यावर रंग धरतच नाही. गडद प्लॅस्टिक वाकलं की पांढरी रेघ उठते; बिजागरीजवळ अशी रेघ असेल तर मित्रानं कुठेतरी जोर केलाय. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बिजागरी असेल तर तिला जपा, ती न वाकता सरळ तुटते. आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी : १९८० आणि ९० च्या दशकांतलं, आत सोनेरी चकाकीच्या लहरी दिसणारं प्लॅस्टिक असलेलं जुनं खेळणं कोणी स्वस्तात देत असेल तर हात आवरा. त्यातलं कितीतरी प्लॅस्टिक वर्षांनी ठिसूळ होऊन बिस्किटासारखं चुरतं. सोनेरी रंगाची आवृत्ती म्हणून भाव जास्त सांगतात, आणि पहिली घडी घालतानाच हात हातात येतो.

आमचे वडील बाजारात बैल घ्यायला गेले की तेल चोपडलेल्या, शिंगं रंगवलेल्या जोडीकडे आधी पाहतच नसत. दात पाहायचे, दोन दाती की चार दाती की जुळलेला, मग खांदा चाचपायचे, मग म्हणायचे, “चालवून दाखव गा.” तुम्हीही चालवून पाहा. घाई न करता तीनदा विमान करा, तीनदा माणूस. प्रत्येक खुंटी आपल्या भोकात ‘टक’ बसते का, बसल्यावर पंख लोंबतो का, माणूस एका पायावर उभा राहतो का. साचा बराच वापरला गेला असेल तर भागांच्या जोडावर धारदार कड येते आणि सांधे पहिल्या खेपेइतके नेमके राहत नाहीत. रंगबदल पुष्कळदा नंतरच्या खेपेत निघतात, त्यामुळे हे तपासणं इथे जास्त गरजेचं. उलटही होतं, पहिल्या खेपेतली चूक दुसऱ्या रंगात सुधारलेली सापडते. राखाडीची मांडी घट्ट आणि निळ्याची ढिली यावरून लगेच रंगाला दोष देऊ नका.

नकली आहे का, हेही एकदा पाहून घ्या. पायाच्या तळव्याशी किंवा मांडीच्या आतल्या बाजूला कंपनीचं नाव कोरलेलं असतं. भिंग तुमच्याकडे आहेच. अक्षरं बुजलेली, स्क्रू हलके, प्लॅस्टिक मेणासारखं मऊ, किंवा कोरलेलं नावच घासून काढलेलं, असं काही असेल तर भाव विसरा. नक्कल करणारे पुष्कळदा कंपनीनं कधीच न काढलेल्या रंगात माल काढतात. ‘दुर्मिळ रंग’ म्हणून तो खपतो.

आता मला ज्याची खरी शंका आहे ते. तुमचं राखाडी विमान किती वर्षं दुकानाच्या काचेशी उभं आहे? आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. उन्हानं फिकं प्लॅस्टिक पिवळट पडतं, आणि रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. राखाडीचा हात वर करा आणि काखेत पाहा, जिथे ऊन कधी पोचलं नाही. तिथला राखाडी आणि छातीवरचा राखाडी एक आहे का? नसेल तर आठ दिवस तुम्ही निळ्याची तुलना कंपनीनं केलेल्या राखाडीशी करत नव्हता, उन्हानं केलेल्या राखाडीशी करत होता. दुसरी गोष्ट, तुमच्या टेबलावरचा तो पांढरा एलईडी दिवा. त्याच्या थंड उजेडात निळा झळकतो आणि राखाडी मेल्यासारखा दिसतो. दोन्ही खेळणी सकाळी ओसरीवर सावलीत न्या. आधी निळा एकटा पाहा, पाच मिनिटं. मग तो आत ठेवून राखाडी एकटा पाहा. शेजारी-शेजारी सगळ्यात शेवटी. शेजारी ठेवलं की डोळा फक्त फरक मोजत बसतो.

हे सगळं करूनही निळाच आवडला तर? तर आवडला. ‘रंगाला भुललो’ म्हणजे काय गुन्हा केला? रंग हा खेळण्याचाच भाग आहे, वरून शिंपडलेली कोथिंबीर नाही. २००६ साली ताकारा टोमीनं आपल्या मोठ्यांसाठीच्या ‘मास्टरपीस’ मालिकेत स्टारस्क्रीम काढला. रचनेत शोजी कावामोरी होते, विमानाचा रोबो करण्यात ज्यांचा हात धरणारा विरळा. त्यांनी रंग घेतला खऱ्या लढाऊ विमानासारखा हिरवट राखाडी. साचा देखणा होता, पण कार्टूनमधला उजळ राखाडी, लाल आणि निळा ज्यांच्या डोक्यात पक्का बसला होता त्यांना तो काही पटेना. पुढे हॅस्ब्रोनं तोच साचा अमेरिकेत कार्टूनच्या रंगात विकला. विमानं आवडणारे आजही हिरवट राखाडीवर जीव टाकतात. यात चुकलं कोणी नाही. प्रत्येकाच्या डोक्यात आधीपासून एक चित्र होतं, त्याच्याशी रंग जुळला किंवा नाही जुळला. तुमच्या डोक्यातलं चित्र कोणतं, ते मित्राला मत देताना सांगून टाका. ‘मला खऱ्या विमानासारखं दिसलेलं आवडतं’ एवढं एक वाक्य आधी आलं की पुढच्या शंभर वाक्यांना किंमत येते.

कंपनी येड्यात काढते का? थोडं काढते. साच्याचा खर्च पहिल्या रंगातच बराच वसूल झालेला असतो, तरी दुसऱ्या रंगाची किंमत कमी करत नाहीत. हा राग मला समजतो. पण त्याच हिशेबावर हा धंदा उभा आहे : दुसरा-तिसरा रंग विकला जाईल या भरवशावरच तेवढा महागाचा साचा करायला परवडतं. निळा कधी काढायचाच नाही असं ठरलं असतं तर कदाचित राखाडीलाही इतके सांधे मिळाले नसते.

४,२०० चं सांगतो. राखाडी तुमच्याकडे नाही असं धरा. मग या निळ्याला, उघडलेल्या खोक्यातल्या, ढिल्या मांडीच्या, तुम्ही किती दिले असते? तो आकडा कागदावर लिहा आणि मगच नव्या, बंद खोक्याचा चालू भाव पाहा. उलटं केलं की भाव पाहून मन आकडा जुळवून घेतं. खोकं उघडलेलं असताना पूर्ण किमतीला घेणं म्हणजे मित्राचा पस्तावा विकत घेणं, असं माझं मत. त्याला राग येईल म्हणून जास्त देऊ नका आणि तुम्हाला हवंय म्हणून मुद्दाम नाकं मुरडून भाव पाडू नका. दुसरं तर अजिबात करू नका. त्यानं तुमच्या नजरेवर विश्वास ठेवून खेळणं आणून ठेवलंय. तुम्ही गिऱ्हाईक झालात की पंच राहत नाही. म्हणून आधी सांगून टाका : “मला घ्यायची इच्छा आहे, तेव्हा भावाचं मी सांगणार नाही, ते हिंगणघाटवाल्याला विचार.”

आणि मत असं काहीसं द्या, तुमच्या शब्दांत : “साचा तोच, माझा जुनाच आवडता. निळा विमान म्हणून माझ्या राखाडीपेक्षा सरस, हात दिसत नाहीत. माणूस म्हणून अमुक जागी रंग तुटतो. पंखाच्या मुळाशी पेंट आहे, जपून. मांडी ढिली, दुरुस्त होते. ज्याच्याकडे या साच्याचं एकही नाही त्यानं हाच घ्यावा.” यात ‘नुसता रंगबदल’ हे शब्द कुठे लागत नाहीत, पाहा.

हिंगणघाटवाल्याला फोन करायचाच आहे, तर त्यातच ते रंगाच्या डब्याचंही उरकून घ्या. माफीनामा नको. “तुझा काळा घेऊन ये रविवारी, मला नीट पाहायचाय, तेव्हा पाहिलाच नव्हता,” एवढं बोलाल तर तो समजेल. तुम्ही खरंच पाहिला नव्हता. खोकं पाहून बोलला होतात.

राहिली तुमची शेवटची ओळ. अख्ख्या पत्रात भावाचा उल्लेख तिथे एकदाच, आणि त्याआधी सगळीकडे ‘निळा जास्त आवडतो हेच खटकतं’. मला वाटतं खटकतं ते निळ्याचं नाही. पहिल्या पगारातून आणलेली वस्तू दुसरीपुढे फिकी पडली, तर भावानं आणलेलंही फिकं पडलं, असं काहीतरी मनात येत असेल. तसं होत नसतं. राखाडीला निळ्याशी स्पर्धाच लावू नका. त्याला काचेपासून उचलून आत, उन्हाबाहेर ठेवा, आणि ओसरीवर दोघांना शेजारी-शेजारी ठेवाल तेव्हा एक फोटो काढून पुण्याला पाठवा. खाली फक्त विचारा, “यातला तुझा कोणता?” तो ओळखेल. काय उत्तर देईल ते मला कळवलं तर बरं वाटेल, सदरात छापणार नाही.

मांडीचं तेवढं सांगतो आणि थांबतो. सांधा गोळा-खोबणीचा असेल तर मांडी हलक्या हातानं ओढून गोळा बाहेर काढा, कोरड्या कापडानं पुसा, आणि त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा अगदी पातळ एक हात द्या. सगळीकडून सारखा. थेंब साचू देऊ नका. जास्त झालं म्हणून दुकानातला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, त्यातलं ॲसिटोन हे प्लॅस्टिक खातं, आणि खेळणं अजून मित्राचं आहे. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बोटाला चिकट लागत असेल तर आणखी एक दिवस. पूर्ण वाळल्यावर गोळा परत बसवा, दोन-तीनदा फिरवा, आणि पाहा माणूस एका पायावर उभा राहतो का.